साक्वॉन बार्कली यंदा तिसऱ्या पिकला घ्यावा का? (फँटसी फुटबॉल २०२५)

थर्ड_अँड_लाँग | २४ ऑगस्ट २०२५

पुढच्या रविवारी ड्राफ्ट आहे, म्हणजे खऱ्या एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) खेळाडूंची आळीपाळीने निवड; त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर आपल्याला गुण. बारा टीम, स्नेक (निवडीचा क्रम दर फेरीला उलटतो), हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा गुण; फुलमध्ये एक, स्टँडर्डमध्ये शून्य). एक क्यूबी (क्वार्टरबॅक), दोन आरबी (रनिंग बॅक, चेंडू घेऊन धावणारा), दोन डब्ल्यूआर (वाइड रिसीव्हर), एक टीई (टाइट एंड), एक फ्लेक्स (आरबी, डब्ल्यूआर किंवा टीई), किकर, डिफेन्स आणि सहा बेंच. माझा तिसरा पिक, म्हणजे पुढचे दोन २२ आणि २७ नंबरला. जामार चेस (डब्ल्यूआर) आणि बिजान रॉबिन्सन (आरबी) आधीच गेलेले असतील असं धरून चाला.

ईगल्सचा आरबी बार्कली याचे २०२४ चे आकडे: १६ सामने, ३४५ कॅरी (चेंडू घेऊन धावा), २००५ यार्ड, १३ रशिंग टचडाउन. वर ३३ कॅच, २७८ यार्ड, २ टचडाउन. प्लेऑफ धरून २५०४ रशिंग यार्ड, आणि तो एका हंगामाचा विक्रम आहे. हे सगळं पाठ आहे, पण यातलं यंदा किती धरायचं?

माझ्या शंका तीन. प्लेऑफसकट ४८२ टच (कॅरी आणि कॅच मिळून) झालेत आणि वय २८. केलन मूर सेंट्सचा हेड कोच होऊन गेला, आता केव्हिन पटुलो ऑफेन्स चालवणार. आणि गोल लाइनवर स्वतः धावणारा क्यूबी जेलन हर्ट्स आहेच. नुसतं "घे" किंवा "नको" नको, हिशेब मांडा.

---

ब्लिट्झ | २४ ऑगस्ट

घ्या. डोळे मिटून.

---

कमिशनर_तात्या | २४ ऑगस्ट

@ब्लिट्झ, डोळे उघडून एकदा ही यादी वाचा. दोन हजार यार्ड ओलांडणारे बार्कलीच्या आधी आठ जण झाले. त्यांचं पुढचं वर्ष असं गेलं:

ओ. जे. सिम्पसन १९७४: ११२५
एरिक डिकरसन १९८५: १२३४
बॅरी सँडर्स १९९८: १४९१
टेरेल डेव्हिस १९९९: चार सामन्यांत २११, मग गुडघा गेला
जमाल लुईस २००४: १२ सामन्यांत १००६
ख्रिस जॉन्सन २०१०: १३६४
एड्रियन पीटरसन २०१३: १२६६
डेरिक हेन्री २०२१: आठ सामन्यांत ९३७, मग पाय मोडला

एकानेही पुढच्या वर्षी १५०० गाठले नाहीत. तिसरा पिक म्हणजे वर्षभराचा पाया. या यादीकडे काणाडोळा करून चालणार नाही.

---

रानजाई | २४ ऑगस्ट

तात्या, यादी बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ही आठ नावं तुम्ही त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वर्ष बघून निवडली आहेत. त्या वर्षी सगळंच जुळून आलेलं असतं: लाइन (पुढून वाट मोकळी करणारे पाच जण) धडधाकट, स्वतःला दुखापत नाही, लांब धावा फुटलेल्या. पुढच्या वर्षी आकडा खाली येणारच. तो थकव्यामुळेच आला हे या यादीतून सिद्ध होत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. डिकरसनने १९८३ ला रुकी असताना ३९० कॅरी केल्या, आणि २१०५ चा विक्रम केला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. हेन्रीने २०१९ ला ३०३ आणि प्लेऑफमध्ये ८३ कॅरी केल्या, तरी २०२० ला २०२७ यार्ड काढले. टॉमलिन्सनने २००२ ला ३७२ कॅरी केल्या, पुढच्या वर्षी १६४५ यार्ड आणि शंभर कॅच. आणि ज्या ३७० कॅरीच्या नियमाची (तेवढ्या झाल्या की पुढच्या वर्षी घसरण) भीती घातली जाते तो नियमित हंगामाचा आहे. बार्कलीच्या ३४५ च आहेत, कारण अठराव्या आठवड्यात त्याला बसवलं होतं. डिकरसनचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे असतानाही.

पण तुमच्या यादीतून एक गोष्ट नक्की घ्यावी. १९९८ चा सँडर्स, सगळ्यांत कमी घसरला तो, तरी जवळपास साडेपाचशे यार्डांनी खाली आला. अंदाज मांडताना २००५ पासून सुरुवातच करू नका.

---

आकडेमोड | २४ ऑगस्ट

आधी स्कोअरिंगचं बघू, म्हणजे अर्धा वाद मिटेल. २०२४ च्या चार आरबींचे गुण मांडतो. फक्त यार्ड (दहाला एक गुण), टचडाउन (सहा गुण) आणि कॅच धरलेत. फंबल आणि दोन गुणांचे कन्व्हर्जन सोडले आहेत.

बार्कली: स्टँडर्ड ३१८.३, हाफ ३३४.८, फुल ३५१.३
जहमिर गिब्ज: स्टँडर्ड ३१२.९, हाफ ३३८.९, फुल ३६४.९
बिजान: स्टँडर्ड २७८.७, हाफ ३०९.२, फुल ३३९.७
हेन्री: स्टँडर्ड ३१९.४, हाफ ३२८.९, फुल ३३८.४

स्टँडर्डमध्ये हेन्री पहिला, फुल पीपीआरमध्ये तोच शेवटचा. कारण १९ कॅच विरुद्ध बिजानचे ६१. त्यामुळे "बार्कली कितवा" या प्रश्नाला लीगचे नियम सांगितल्याशिवाय उत्तर नाही. धागाकर्त्याने नियम आधीच दिले ते बरं केलं.

आता एक गोष्ट जी हंगामाची बेरीज बघून कळत नाही. बहुतेक लीग सतराव्या आठवड्यात संपतात. गिब्जने अठराव्या आठवड्यात व्हायकिंग्जविरुद्ध १३९ रशिंग यार्ड, पाच कॅचमध्ये ३१ यार्ड आणि चार टचडाउन केले. हाफ पीपीआरमध्ये ते ४३.५ गुण. तुमच्या लीगमध्ये त्यांचा उपयोग शून्य. ते वजा केले तर गिब्ज २९५.४ वर येतो, सामन्याला १८.५. बार्कलीचे सगळे गुण सतराव्या आठवड्यापर्यंतचेच आहेत, सामन्याला २०.९. साइटवर गिब्ज वर दिसतो, प्रत्यक्षात लीग जिंकून द्यायला बार्कली बराच पुढे होता.

---

थर्ड_अँड_लाँग | २४ ऑगस्ट

हे लक्षातच आलं नसतं. मग बार्कलीच्या बाजूनेच कौल आहे ना?

---

आकडेमोड | २४ ऑगस्ट

थांबा, दुसरी बाजू राहिली. नियमित हंगामात बार्कलीचे साठ यार्डांवरचे चार टचडाउन आहेत: सेंट्सविरुद्ध ६५, रॅम्सविरुद्ध एकाच रात्री ७२ आणि ७०, कमांडर्सविरुद्ध ६८. चार कॅरींत २७५ यार्ड आणि चोवीस गुण, मिळून ५१.५. समजा या चारही वेळा सेफ्टीने (सर्वांत मागच्या डिफेंडरने) त्याला पंधरा यार्डांवर गाठलं असतं. मग त्या चार कॅरींचे सहा गुण होतात आणि हंगामाची बेरीज २८९.३ वर येते. सामन्याला १८.१, म्हणजे गिब्जच्या किंचित खालीच.

३४५ पैकी चार कॅरींवर सामन्यामागे जवळपास तीन गुण उभे आहेत. तो वेगवान आहे, त्यामुळे अशा धावा यंदाही निघतील. पण पुन्हा चार निघतील असं धरून तिसरा पिक खर्चू नये. एखादी धरा, फार तर दोन.

---

न्यूजर्सीकर | २४ ऑगस्ट

रॅम्सच्या त्या सामन्यात २५५ रशिंग यार्ड होते, कॅच धरून ३०२. हाफ पीपीआरमध्ये एका रात्रीत ४४ गुण. ज्यांच्या समोरच्या टीममध्ये तो होता त्यांनी रविवार रात्रीच लॅपटॉप बंद केला असणार.

---

पडद्यामागचा | २४ ऑगस्ट

कोच बदलला यावर फार बोललं जातं, लाइनवर कमी. माझ्या मते बार्कलीच्या ५.८ च्या सरासरीत लाइनचा वाटा मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे) दोन्ही तेच: डावीकडे जॉर्डन मायलाटा, उजवीकडे लेन जॉन्सन. लाइनचा कोच जेफ स्टाउटलंड कायम आहे, आणि रनची बरीचशी आखणी त्याच्याकडूनच येते. म्हणून मूर गेल्याची मला फारशी काळजी नाही. पटुलो बाहेरचा माणूस नाही, याच टीमचा पासिंग गेम सांभाळत होता.

काळजी आतल्या तिघांची. राइट गार्ड मेकाय बेक्टन चार्जर्सकडे गेला, त्याच्या जागी टायलर स्टीन. सेंटर कॅम जर्गन्सच्या पाठीची शस्त्रक्रिया सुपर बोलनंतर झाली. लेफ्ट गार्ड लँडन डिकरसनच्या गुडघ्याची, मेनिस्कसची, याच महिन्यात झाली. तो पहिल्या आठवड्यात उभा राहिला तरी पूर्ण ताकदीने खेळेल का हा प्रश्न आहेच.

याचा परिणाम कुठे दिसतो ते बघा. बार्कलीची लांब धाव बहुतेक वेळा दुसऱ्या फळीत सुरू होते. गार्ड आणि सेंटर मिळून डिफेन्सिव्ह टॅकलला हलवतात, मग दोघांपैकी एक सुटून लाइनबॅकरवर जातो. तो अर्धा सेकंद उशिरा पोचला की वीस यार्डांची धाव चारवर थांबते. टॅकल कितीही भारी असोत, मधलं दार उघडलं नाही तर बार्कलीला बाहेरून वळसा घ्यावा लागतो. आधीच्या टीमकडे, जायंट्सकडे, अनेक वर्षं हेच चाललं होतं.

प्रीसीझनच्या (सराव सामन्यांच्या) गुणांकडे बघू नका, त्यात पहिल्या फळीतले फार कोणी खेळत नाहीत. डिकरसन आणि जर्गन्स सरावात पूर्ण भाग घेतात का, तेवढं ड्राफ्टच्या आदल्या दिवशी तपासा.

---

शनिवारवाडा_९२ | २५ ऑगस्ट

लाइनबरोबर हर्ट्सचे पायही धरा. शॉटगनमधून (लाइनच्या काही पावलं मागे उभा राहून) तो चेंडू बार्कलीच्या पोटाशी धरतो तेव्हा एजवरच्या (टोकाच्या) डिफेंडरला जागेवरच थांबावं लागतं, कारण हर्ट्स स्वतः पळू शकतो. म्हणजे ब्लॉक न करताच एक माणूस कमी झाला. शिवाय ए. जे. ब्राउन आणि डेव्हॉन्टा स्मिथ हे डब्ल्यूआर मैदानाच्या कडांना असल्यामुळे बॉक्समध्ये (लाइनच्या समोर) आठ जण लावणं परवडत नाही. जायंट्सकडे हे काहीच नव्हतं, त्यामुळे तिथली सरासरी इथे लावणंही चूक.

---

ब्लिट्झ | २५ ऑगस्ट

आणि तेच हर्ट्सचे पाय एक यार्डावरून टचडाउन खातात.

---

कमिशनर_तात्या | २५ ऑगस्ट

खरं आहे. २०२४ ला हर्ट्सचे १४ रशिंग टचडाउन, बार्कलीचे १३. टश पुशवर (क्यूबीला मागून ढकलून एखादा यार्ड काढणं) बंदी घालायचा पॅकर्सचा प्रस्ताव मे महिन्यात पडला. २४ मतं हवी होती, २२ मिळाली. म्हणजे यंदाही चेंडू एक यार्डावर आला की बार्कली बाजूला.

इथे लोक एक चूक करतात. रेड झोनमधल्या (शेवटच्या वीस यार्डांतल्या) कॅरी मोजतात आणि प्रत्येकीला सारखं वजन देतात. साधारण टीममध्ये एक-दोन यार्डांवरची कॅरी आरबीसाठी सोन्यासारखी असते. ईगल्समध्ये ती त्याच्या वाट्याला फारशी येतच नाही. बार्कलीचे बहुतेक टचडाउन तीन यार्डांपासून मागचे. म्हणून त्याच्या टचडाउनचा आकडा इतर लीड आरबींपेक्षा जास्त हेलकावे खातो. तेराचे नऊ व्हायला काही बिघडावं लागत नाही. चार वेळा एक यार्ड आधी पाडला गेला की झालं.

---

गोदाकाठ | २५ ऑगस्ट

वाचतोय. जमल्यास कोणीतरी अंदाज प्रत्यक्ष कसा मांडायचा ते पायरीपायरीने लिहा ना. हेच गणित इतर आरबींनाही लावता येईल.

---

आकडेमोड | २५ ऑगस्ट

@गोदाकाठ, मांडतो. हाफ पीपीआर धरून.

पहिली पायरी, सामने. सतरा कधीही धरू नका. लीग सतराव्या आठवड्यात संपते आणि एक बाय (सुट्टीचा आठवडा) असतो, म्हणजे जास्तीत जास्त सोळाच. तुलना सोपी जावी म्हणून सगळ्यांना सोळा लावा आणि दुखापतीचा धोका शेवटी वेगळा बघा.

दुसरी, कॅरी. गेल्या वर्षी सामन्याला २१.६ होत्या. ईगल्सने सहाशेच्या वर रनिंग प्ले केले, कारण डिफेन्स भक्कम होता आणि दुसऱ्या हाफमध्ये आघाडी टिकवायची असायची. यंदा डिफेन्समधून जॉश स्वेट, मिल्टन विल्यम्स, डॅरियस स्ले, गार्डनर-जॉन्सन गेले. आघाडी इतक्या वेळा मिळेल असं नाही. मी १८.५ धरतो, एकूण २९६.

तिसरी, सरासरी. गेल्या वर्षी ५.८, जायंट्सच्या सहा वर्षांत १२०१ कॅरींत ५२११ यार्ड म्हणजे ४.३. वर शनिवारवाडा म्हणतात ते पटतं, पण पडद्यामागचा यांची शंकाही पटते. ४.७ घेतो. १३९१ यार्ड.

चौथी, टचडाउन. धावून १०, कॅचवर १.

पाचवी, कॅच ३६, यार्ड २७०.

बेरीज: १३९.१ + २७ + ६६ + १८ = २५०.१. सामन्याला १५.६.

सहावी पायरी लोक गाळतात. या १५.६ ला एकट्याला अर्थ नाही. तुमच्या लीगमध्ये दर आठवड्याला २४ आरबी मैदानात उतरवले जातात आणि फ्लेक्समध्ये आणखी काही. तिसाव्या आरबीचा गेल्या वर्षीचा सामन्यामागचा आकडा तुमच्याच लीगच्या साइटवर बघा आणि वजा करा. उरेल ती खरी किंमत. हेच चेससाठी तिसाव्या डब्ल्यूआरशी करा. दोन वजाबाक्यांची तुलना करा, दोन बेरजांची नको.

---

शनिवारवाडा_९२ | २५ ऑगस्ट

४.७ फार कंजूस वाटतं. ही लाइन, हा क्यूबी आणि हा पळणारा. पाच तरी धरा.

---

आकडेमोड | २५ ऑगस्ट

धरू. २९६ कॅरींवर ०.३ वाढवले तर ८९ यार्ड, म्हणजे ८.९ गुण. सामन्याला अर्ध्या गुणाहून थोडं जास्त. आता बाकीचे आकडे असेच हलवून बघा:

सामन्याला एक कॅरी जास्त: साधारण ७.५ गुण
हंगामात तीन टचडाउन जास्त: १८ गुण
सामन्याला एक कॅच जास्त, साडेसात यार्डांचा: १२ अधिक ८, म्हणजे २० गुण. फुल पीपीआरमध्ये २८.

कॅचचा आकडा सगळ्यांत जड आहे आणि त्यावरच इथे कोणी बोललेलं नाही.

---

रानजाई | २५ ऑगस्ट

बोलते. २०१८ ला रुकी असताना त्याने ९१ कॅच घेतले होते, म्हणजे हातात दोष नाही. २०२४ ला ३३ वर येण्याची तीन कारणं आहेत. हर्ट्सवर दडपण आलं की तो चेंडू आरबीकडे टाकण्याऐवजी स्वतः पळतो. आघाडी असल्यामुळे एकूणच पास कमी झाले. आणि दोन मिनिटांच्या ड्रिलमध्ये, लांबच्या तिसऱ्या डाउनला, बऱ्याचदा दुसरा आरबी केनेथ गेनवेल मैदानात असायचा.

गेनवेल आता स्टीलर्सकडे आहे. त्याची कामं कोण करतं, यावर माझं सगळं लक्ष आहे. राखीव आरबी विल शिपलीला दिली तर बार्कली पुन्हा तिशीतच. बार्कलीलाच ठेवलं तर पंचेचाळीस सहज. प्रीसीझनमधून हे कळणार नाही, कारण त्यात तो खेळलाच नाही. पहिल्या दोन सामन्यांत एकूण स्नॅप मोजू नका. हाफ संपताना शेवटच्या दोन मिनिटांत मैदानावर कोण आहे ते बघा. सुरुवातीपासून तिथे बार्कली दिसला तर गेल्या वर्षीपेक्षा कमी यार्ड काढूनही तो पिक वसूल करेल.

---

न्यूजर्सीकर | २५ ऑगस्ट

शिपलीचा विषय निघालाच आहे तर, हँडकफ (आपला आरबी जखमी झाला तर म्हणून ठेवलेला त्याच्याच टीमचा आरबी) म्हणून तो घ्यावा की ए. जे. डिलन?

---

कमिशनर_तात्या | २५ ऑगस्ट

दोघांपैकी एकच घ्यायचा तर शिपली. डिलन मानेच्या दुखापतीमुळे २०२४ पूर्ण बाहेर होता. शिवाय त्याचं वजन जिथे कामाला येतं ती गोल लाइन इथे हर्ट्सची आहे. पण सहा जणांच्या बेंचवर शेवटच्या दोन फेऱ्यांआधी कोणालाच घेऊ नका. बार्कली गेला तर हे दोघं काम वाटून घेतील, एकालाच पूर्ण माप मिळेल असं दिसत नाही. ज्याच्या मागे एकच स्पष्ट वारस आहे अशा आरबीचा हँडकफ जास्त मोलाचा.

---

गोदाकाठ | २५ ऑगस्ट

अवांतर: गेल्या आठवड्यात संसदेने ऑनलाइन मनी गेमिंगचा कायदा केला, ड्रीम-इलेव्हनचे पैशांचे सामने बंद झाले. भारतात बसून अमेरिकेतल्या मित्रांच्या लीगमध्ये खेळतो त्यांचं काय?

---

कमिशनर_तात्या | २५ ऑगस्ट

तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल आहे. फुकट लीग खेळा, ट्रॉफी आणि टोमणे पुरतात. प्रवेश शुल्क असेल तर भारतातून खेळणाऱ्याने वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही टाकू नये. यावर वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत.

---

शनिवारवाडा_९२ | २६ ऑगस्ट

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळापत्रक टाकतो, कारण चांगला आरबी असूनही गुण जातात ते इथे. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी येते, म्हणजे रात्री नऊला, नोव्हेंबरनंतर दहाला. तेव्हा एकदा फोन बघायचाच. मंडे नाइटचा सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास, नोव्हेंबरनंतर सकाळी पावणेसातच्या. ईगल्सचा चौदाव्या आठवड्यातला चार्जर्सविरुद्धचा सामना तसा आहे. बार्कली त्या आठवड्यात प्रश्नचिन्हासह असला तर बेंचवर सोमवारीच खेळणारा दुसरा कोणी हवा. नाहीतर रविवारी रात्रीच निर्णय घ्यावा लागेल.

आणि रविवारी ३१ तारखेला ज्येष्ठागौरी आवाहन आहे. ड्राफ्टची वेळ घरी आधी सांगून ठेवा.

---

थर्ड_अँड_लाँग | २६ ऑगस्ट

गौरी सकाळी येतात, ड्राफ्ट रात्री आहे, जमेल. :)

दोन प्रश्न उरले. गिब्जच्या बाजूने कोणीच बोललं नाही. आणि ऑक्शन (बोली लावून निवड) असता तर किती लावावे?

---

पडद्यामागचा | २६ ऑगस्ट

गिब्जची बाजू मी मांडतो. वय २३, गेल्या वर्षी ५२ कॅच, २० टचडाउन. कॅचमुळे त्याचा वाईट दिवसही आठ-नऊ गुणांखाली सहसा जात नाही. बार्कलीला मात्र आघाडी लागते. टीम चौदा गुणांनी मागे पडली की त्याचा दिवस संपतो, गिब्जचा सुरू होतो.

विरुद्ध बाजू अशी. त्याच्या टीमचा, लायन्सचा, ऑफेन्स चालवणारा बेन जॉन्सन बेअर्सचा हेड कोच झाला. सेंटर फ्रँक रॅगनाउ जूनमध्ये निवृत्त झाला. आणि तिथलाच दुसरा आरबी डेव्हिड माँटगोमरी दुखापतीतून परत आलाय. गेल्या वर्षी गिब्जचे शेवटचे तीन सामने माँटगोमरी नसतानाचे होते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच गिब्ज आहे आणि किंमत त्याचीच लावली जातेय. दोघं निरोगी असतील तर गोल लाइनवरचं काम तिथेही वाटलं जातं.

हाफ पीपीआरला माझा बार्कली, अगदी थोड्या फरकाने. फुल पीपीआरला गिब्ज. डायनॅस्टीत (खेळाडू वर्षानुवर्षं राखायच्या लीगमध्ये) प्रश्नच नाही, गिब्ज. तिथे ज्याच्याकडे बार्कली आहे त्याने पहिल्या दोन-तीन चांगल्या आठवड्यांनंतर विकावा.

---

रानजाई | २६ ऑगस्ट

मी उलट. हाफलाही गिब्ज. कारण साधं: बार्कलीच्या वाट्याचे टचडाउन घेणारा क्यूबी आहे आणि तो दर आठवड्याला खेळतो. माँटगोमरीला दुखापत झाली की गिब्जची किंमत दुप्पट होते. हर्ट्सला झाली तर बार्कलीची वाढत नाही, सगळा ऑफेन्सच कोसळतो.

---

आकडेमोड | २६ ऑगस्ट

रानजाईंचा हा मुद्दा फार चांगला आहे आणि माझ्या कुठल्याही पायरीत तो पकडला जात नाही. तरी मी बार्कलीच घेईन, कारण कॅरींची संख्या. सामन्याला अठरा कॅरींची खात्री देणारे आरबी लीगमध्ये मोजकेच उरलेत.

ऑक्शनचं: २०० च्या बजेटात ५५ पर्यंत. त्यावर गेलं की गेल्या वर्षीच्या चार लांब धावांचे पैसे मोजताय. पद्धत अशी ठेवा, सुरुवातीलाच बिजान आणि गिब्ज नॉमिनेट करा. दोघा-तिघांचे साठेक डॉलर तिथे उडाले की बार्कलीवर बोली लावणारे कमी होतात. स्वतः त्याचं नाव पहिलं काढू नका.

स्नेकमध्ये तिसऱ्याला आरबी घेतलात तर २२ आणि २७ ला दोन्ही डब्ल्यूआर घ्या. तिथे तिसऱ्या-चौथ्या फेरीचे आरबी आणि दुसऱ्या फेरीचे आरबी यांत फारसा फरक दिसत नाही, डब्ल्यूआरमध्ये दिसतो. बार्कलीची बाय नवव्या आठवड्यात आहे. दुसरा आरबी नवव्याचा नसेल एवढं पाहा, बाकी बायवर डोकं खपवू नका.

---

कमिशनर_तात्या | २६ ऑगस्ट

फँटसी प्लेऑफचे तीन सामनेही नोंदवा: पंधराव्यात रेडर्स घरी, सोळाव्यात कमांडर्स बाहेर, सतराव्यात बिल्स बाहेर. शेवटचा डिसेंबरअखेर बफेलोत. तिथे वारा सुटला की पास कमी होतात आणि कॅरी वाढतात. मला ते चालेल.

माझी यादी मी मागे घेत नाही. तिसऱ्याला घेतलात तर १३००-१४०० यार्ड आणि दहा टचडाउन मिळतील असं समजून घ्या आणि बाकीची टीम त्या हिशेबाने बांधा.

---

थर्ड_अँड_लाँग | २६ ऑगस्ट

ठरलं. शनिवारी डिकरसन आणि जर्गन्स दोघं सरावात पूर्ण दिसले तर बार्कली, एकही बाहेर असेल तर गिब्ज. २२ आणि २७ ला डब्ल्यूआर. शिपली शेवटच्या फेरीत उरला तरच.

---

ब्लिट्झ | २६ ऑगस्ट

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

---

शनिवारवाडा_९२ | २६ ऑगस्ट

बार्कली घेतलात तर पहिल्याच आठवड्यात एक सांभाळा. ईगल्स-काउबॉइज हा हंगामाचा पहिला सामना आहे, गुरुवारी ४ सप्टेंबरला रात्री, आपल्याकडे शुक्रवारी पहाटे ५:५० ला. त्याला आरबीच्या जागेवर लावा, फ्लेक्समध्ये नको. गुरुवारी फ्लेक्स लॉक झाला (सामना सुरू झाला की बदलता येत नाही) आणि रविवारी तुमचा दुसरा आरबी बसला, तर त्याच्या जागी फक्त आरबीच लावता येईल. फ्लेक्स मोकळा असेल तर डब्ल्यूआर किंवा टीईसुद्धा चालतो. साइट हे आपोआप करत नाही, गुरुवारी रात्री झोपण्याआधी हाताने बदलावं लागतं.